शववाहिकेतून निघालेली हार्प

ही गोष्ट १९६७ सालची. केंटकीच्या डोंगरांतल्या आमच्या जुन्या कंट्री गाण्यांचं भविष्य माझ्याच हातात आहे, याची त्या वर्षी मला पक्की खात्री होती!

कारण माझ्याकडे हार्प होती, चर्चच्या चित्रांत स्वर्गातले देवदूत वाजवतात ते उभ्या तारांचं वाद्य. मिशनच्या शाळेत मी स्वयंपाक करायची. तिथल्या संगीताच्या बाई मला फावल्या वेळात शिकवायच्या आणि निवृत्त होऊन जाताना त्यांनी ती हार्पच मला देऊन टाकली. माझ्याहून उंच, सोनेरी मुलाम्याची! बैठकीच्या खोलीत ती अशी उभी असायची, जणू एखादी श्रीमंत आत्या कायमची मुक्कामाला आली आहे आणि बसायला तयार नाही.

बाईंनी शिकवलेलं नाजूक संगीत मी थोडे दिवस वाजवलं आणि कंटाळले. मग एका दुपारी शेंगा सोलता सोलता उठले आणि आमची गाणी वाजवून पाहिली. चुकलेली आगगाडी, तुरुंगातला मुलगा, दुसऱ्याबरोबर पळून गेलेली बायको. गिटारवर ही बायको गेली की मागे नुसती रडारड उरायची. हार्पवर ती अशी झोकात गेली, की मलाच तिच्याबरोबर जावंसं वाटलं!

जूनमध्ये गावच्या शाळेच्या हॉलमध्ये गाण्याबजावण्याची स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला शनिवारी रात्री रेडिओवर जायला मिळणार होतं. परीक्षक नव्हतेच. ज्याला सगळ्यांत जोरात टाळ्या, तो जिंकला. आयुष्यभर मी त्या डब्यातून दुसऱ्यांचं ऐकलं होतं. आता त्यांनी माझं ऐकायचं होतं!

माझा नवरा होबार्ट म्हणाला, "लोक येणार बँजो ऐकायला, आणि तू समोर पलंगाचा कठडा घेऊन बसणार?" एवढं बोलून स्पर्धेच्या सकाळी तो ट्रक घेऊन मासे पकडायला निघून गेला. मी काही हार मानणारी नव्हते. माझा चुलतभाऊ डेल्मर आमच्या भागातले अंत्यविधी करायचा. त्याला फोन केला. हार्प आडवी मावेल अशी लांबलचक गाडी त्याच्याशिवाय कुणाकडे होती? त्याची शववाहिका!

हार्प आत अशी बसली, जणू माप घेऊन केली होती. वर आजीची गोधडी पांघरली. माझा एकुलता एक चांगला पोशाख काळा होता, तो घालून मी पुढे डेल्मरशेजारी बसले. त्याने सवयीने गाडीचे दिवे लावले आणि आम्ही निघालो.

आमच्याकडे शववाहिका दिसली की समोरची गाडी रस्त्याच्या कडेला थांबते आणि माणसं टोप्या काढतात. मागून येणारी गाडी दिवे लावून पाठोपाठ चालू लागते, मग गेलेला ओळखीचा असो की नसो. मी स्वतः लहानपणापासून हेच करत आले होते. फक्त त्या सकाळी ते माझ्या डोक्यातच आलं नाही!

शेजारची झेल्मा ओसरीवर उभी होती. तिने शववाहिका पाहिली, माझा काळा पोशाख पाहिला आणि होबार्ट काही तिला दिसला नाही. आमच्या अख्ख्या खोऱ्यात टेलिफोनची तार एकच होती. एकीने बोलायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं! आम्ही वळणापाशी पोचेपर्यंत होबार्ट वारला होता.

डेल्मर मात्र गोगलगाईसारखा चालला होता.

"अरे, जरा जोरात हाण की. उशीर होतोय."

"ऑटीताई, ही गाडी जोरात नेत नाहीत. घरच्यांना वाईट वाटतं."

"घरची मीच आहे ना!"

"म्हणून तर जपून चालवतोय."

मी आरशात पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागे गाड्यांची रांग! हार्पची बातमी पसरली होती तर! कडेला उभे असलेले लोक माझ्यासाठी टोप्या काढत होते! मी खिडकीतून हात काढला आणि सगळ्यांना हलवून दाखवला. धक्क्याने बिचारीचं डोकं फिरलं, असं त्यांचं मत झाल्याचं मला नंतर कळलं.

नदीवरच्या पुलाखाली होबार्ट गळ टाकून बसला होता. वरून प्रेतयात्रा जाताना दिसली. माणूस वळणाचा. त्याने टोपी काढली, मासे ट्रकमध्ये टाकले, दिवे लावले आणि रांगेत सगळ्यांत शेवटी लागला.

डेल्मरने गाडी मागच्या दाराला लावून हार्प आत नेली, तोवर हॉल खच्चून भरला. होबार्ट बाहेर गाडीत पडला आहे आणि ही त्याला शेवटचं गाणं ऐकवायला थांबली आहे, अशी सगळ्यांची समजूत. मला काय माहीत! मी आगगाडी वाजवली. बायका रुमाल काढून रडू लागल्या. मग पळून गेलेली बायको वाजवली, आणि बाप्ये टोप्या छातीशी धरून उठून उभे राहिले. इतकं सुंदर मी आधी कधी वाजवलं नव्हतं, आणि पुढेही नाही. शेवटची तार छेडली, हात खाली घेतले आणि हसून टाळ्यांची वाट पाहत बसले.

एक टाळी नाही. प्रेतयात्रेत टाळ्या कोण वाजवतं?

शहरातून आलेला रेडिओवाला घड्याळाकडे पाहू लागला. माझा चेहरा उतरला. त्या शांततेत शेवटच्या रांगेतून होबार्टचा दबका आवाज आला, "कोण गेलं रे?"

शेजारच्याने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू."

झेल्माने किंकाळी फोडली. दोन बाकं उलटली. आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! लोक नाचले, टोप्या उडवल्या, होबार्टला खांद्यावर घेतलं. रेडिओवाल्याला भानगड काहीच कळली नव्हती, पण नियम म्हणजे नियम. सगळ्यांत जोरात टाळ्या कुणाला, हे बहिऱ्यालाही ऐकू आलं असतं. त्याने होबार्टचा हात धरून वर केला.

शनिवारी होबार्ट रेडिओवर बोलला. बहुतेक माशांबद्दलच. शेवटी म्हणाला, "आमची बायकोपण काहीतरी वाजवते."

घरी आमच्या टेबलावर लोकांनी दुःखाचं जेवण आणून ठेवलं होतं: तळलेलं चिकन, बटाट्याचं सॅलड, ॲपल पाय, झेल्माचं अख्खं हॅम. झेल्मा हॅम परत मागायला आली, तोवर होबार्टने हाडापर्यंत मजल मारली होती.

डेल्मरने पुढे धंदा जावयाला दिला आणि फ्लोरिडाला जाऊन लाल रंगाची गाडी घेतली. ती फार जोरात चालवतो म्हणून त्याचं लायसन्स गेलं. झेल्मा मरेपर्यंत कुणाच्याही मरणाची बातमी, स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय, पुढे सांगत नसे. होबार्ट खरोखर गेला तो म्हातारपणी, झोपेत. त्या दिवशी मी शववाहिकेत तशीच पुढे बसले होते, पण रस्त्यात एकही गाडी थांबली नाही. लोक काचा खाली करून विचारत होते, "ऑटीमावशी, आज काय वाजवणार?"

आणि मी? मी इथे वृद्धाश्रमात मजेत आहे, हार्पसकट. परवा दुपारी आगगाडी वाजवत होते, तर शेजारच्या खोलीतले आजोबा झोपेतून जागे झाले, डोळे मिटूनच हात जोडले आणि नर्सला म्हणाले, "पोचलो एकदाचा. माझी बायको कुठे भेटेल?" तेव्हापासून मला फक्त जेवणाच्या वेळी वाजवायची परवानगी आहे.