तीन जहाजं आणि मेघालीचं भाषांतर

सासूला रडवायला तीन जहाजं पुरतील, असा मेघालीचा अंदाज होता.

तिच्या नवऱ्याला, दीपेशला, मालवाहू जहाजावर नोकरी चालून आली होती आणि संध्याकाळपर्यंत एजंटला होकार कळवायचा होता. कडेवर तान्ही ऋतिका आणि नवरा समुद्रात, हे मेघालीला नको होतं. पण ‘जाऊ नका’ असं आपण म्हटलं, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. तेच सासूबाई, आनंदीबाई म्हणाल्या, तर अख्ख्या अंजूर गावात पुढे बोलायची कुणाची बिशाद नव्हती.

म्हणून तिने कॉलेजच्या मॅडमकडून सागरी विम्यावरच्या जुन्या माहितीपटाची सीडी आणली. बी.कॉम.ला असताना पाहिलेली. कृष्णधवल, आणि एकामागून एक जहाजं तळाला. निवेदन इंग्रजी, म्हणजे टीव्हीपुढे बसवलेल्या सासू-सासऱ्यांना अर्थ सांगणार मेघालीच.

पहिलं जहाज वादळात आडवं झालं. आनंदीबाईंनी पदर तोंडाला लावला. “मेघाली, मानसांचा काय झाला गो?”

सगळे बुडाले, असं निवेदक सांगत होता. हीच वेळ होती. पण सासूबाईंचे भरलेले डोळे पाहून तिच्या तोंडून भलतंच निघालं. “वाचली हो सगळी. होड्या टांगलेल्या असतात ना वर.”

दुसरं खडकावर आपटलं. “ही पण वाचली,” मेघाली म्हणाली आणि स्वतःवरच चिडली.

तिसऱ्याला आग लागली. आता खरं सांगायचंच, असं ती ठरवतेय तोवर आनंदीबाईंनी नारळ आणून टीव्हीपुढे ठेवला, नारळी पुनवेला खाडीला देतात तसा. मेघाली नारळाकडे बघतच म्हणाली, “पोहून आली सगळी.”

मग पडद्यावर टोपीवाले साहेब सह्या करू लागले.

“हे कोन?” सासरे काळूराम यांनी विचारलं.

“विमेवाले. बुडालेल्याची भरपाई देतात.”

“आपलं गोदाम जललं तवा एक न्हाय फिरकला.”

माहितीपट संपला. आनंदीबाईंनी डोळे पुसले. “तीन जहाजा बुडाली, मानूस एक न्हाय गेला. आन तो धामणकर नाका बघा. ट्रक कुठून येल पत्ता न्हाय, वर टांगलेली होडी न्हाय. जाऊ द्या पोराला. जहाजावरच तो सुखरूप हाय.”

खरं सांगायचं, तर आधी खोटं कबूल करावं लागणार होतं. नाक्यापलीकडच्या एजंटला गाठायला दीपेशने मोटारसायकलची चावी उचललीसुद्धा.

“थांबा,” मेघाली ओरडली.

सगळे वळले. ही शेवटची संधी होती. तिच्या डोळ्यांपुढे मात्र नाक्यावरचे ट्रक उभे राहिले.

“रिक्षाने जा,” ती म्हणाली.