यशोधनने काढलेली नवमी

आईची पंचाहत्तरी आईला न कळू देता करायची, असं यशोधनने ठरवलं. त्यामुळे तिथीबद्दलही तिला काही विचारायचं नाही, हे ओघानेच ठरलं. त्याची चूक म्हणाल तर एवढीच. (पुढच्या चुका त्याने केल्या नाहीत, त्या याच चुकीच्या मागोमाग आपल्या पायांनी चालत आल्या.)

यशोधन ग्वाल्हेरला सिटी सेंटरमधल्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. लिहितो कमी, संतापतो जास्त. परदेशात बसून लिहिलेले प्रोग्राम आपल्या तारखांची, नावांची, भाषांची जी वाट लावतात ती पाहिली की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते. तारीख आधी की महिना आधी यावरून तो एका परदेशी साहेबाशी फोनवर इतका भांडला होता, की शेवटी साहेबाने "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून फोन ठेवला आणि कामही दुसऱ्या कंपनीला दिलं. "जगात यांच्याखेरीज माणसं राहतात हे यांच्या गावीच नाही!" हे वाक्य ऑफिसातल्या सगळ्यांना पाठ झालं आहे. चहावाल्यालासुद्धा.

त्याचा एक लाडका सिद्धांत होता. भाषा वेगळी आणि प्रदेश वेगळा. माणूस मराठी बोलतो म्हणून त्याला महाराष्ट्रात नेऊन बसवू नका. भाषा त्याची, पण रीतभात तो राहतो तिथली. हा सिद्धांत तो टेबलावर मूठ आपटून सांगायचा, आणि खरं सांगायचं तर सिद्धांत चांगलाच होता.

या सिद्धांतावर त्याने उन्हाळ्यात एक प्रोग्राम लिहिला. आपण तिथी टाकायची, तो यंदाची तारीख काढून देणार. ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी खास. सगळं मराठीत, आकडेसुद्धा मराठी. शेजारच्या टेबलावरच्या अंशुलने तेव्हाच विचारलं होतं, "सर, यूज़र से एक बार पूछ लें, कौन-सा पंचांग मानते हैं?"

"क्यों पूछें?" यशोधन कडाडला. "फ़ोन को पता है आदमी ग्वालियर में बैठा है! भाषा मराठी, प्रदेश मध्यप्रदेश, हो गया! हर बात यूज़र से ही पूछनी है तो प्रोग्राम काहे को लिखा?"

अंशुलने मान खाली घातली आणि समोसा खाल्ला.

तर या प्रोग्रामात यशोधनने टाकलं, 'श्रावण वद्य नवमी'. आईची जन्मतिथी. प्रोग्रामने क्षणात जुलैतला एक शनिवार काढून दिला. शनिवार! यशोधनला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"अहो, जुलैत?" त्याची बायको सीमंतिनी म्हणाली. "आईंचा वाढदिवस पंधरा ऑगस्टच्या मागेपुढे असतो ना? मला आपलं वाटून राहिलं आहे."

"वाटून राहिलं आहे! तिथी आहे ती, दरवर्षी सरकते. बाहेर बघ, नया बाज़ारात घेवराची मिठाई लागलीय, सगळं शहर सावन सावन करतंय, आणि तुला श्रावण दिसत नाही?"

"पण आईंनी श्रावणी सोमवार नाही धरला अजून."

"वय झालं तिचं! झेपत नसेल!"

या घरात वाद संपतो तो असा, यशोधनचा आवाज चढून. त्याला तो स्वतःचा विजय समजतो.

मग काय, हॉल ठरला, आचारी ठरला, श्रीखंड ठरलं. आणि या सगळ्याचा जीव जिच्यात होता ती मंदामावशी सांगलीहून यायची ठरली. मंदामावशी म्हणजे आईची थोरली बहीण. गुडघे गेलेले, प्रवास नको वाटतो, त्यामुळे दोघी बहिणींची भेट होऊन कैक वर्षं झाली होती. पद्माताईंना, म्हणजे यशोधनच्या आईला, बाकी कशाची हौस नव्हती. पण "पंचाहत्तरीला मंदाने ओवाळलं असतं," एवढं त्या मधूनमधून म्हणायच्या आणि लगेच विषय बदलायच्या. यशोधन रागीट असला तरी बहिरा नव्हता. त्याने मावशीचा मुलगा पुष्कर याला फोनवर भंडावून सोडलं, आणि पुष्करने एका रात्रीच्या मुक्कामावर आईला आणायचं कबूल केलं. रविवारी परतीची गाडी.

शनिवारी पद्माताईंना सांगितलं, लग्नाला जायचंय. चातुर्मासात कुणाचं म्हणून विचारलं तर यशोधन खेकसला, "ऑफिसातल्या एकाचं! रजिस्टर लग्न आहे!" त्या बिचाऱ्या आहेराची साडी घेऊन हॉलमध्ये शिरल्या आणि इकडेतिकडे नवरी शोधू लागल्या. समोर नवरी नव्हती. समोर खुर्चीवर मंदामावशी होती.

पुढचा थोडा वेळ फार चांगला गेला. दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून नुसत्या रडल्या. यशोधनचेही डोळे भरून आले, आणि ते कुणीतरी पाहिलं म्हणून तो वाढप्यावर ओरडला. मग सीमंतिनीने ताट आणलं. कणकेचे पंचाहत्तर दिवे, सगळे लावलेले. मावशी पुष्करच्या खांद्याला धरून उठली.

"हे काय?" पद्माताईंनी विचारलं.

"तुझी पंचाहत्तरी!" यशोधन म्हणाला. "आज श्रावण वद्य नवमी!"

पद्माताईंचा आवाज चढला, आणि यशोधनचा आवाज कुठून आलाय हे हॉलमधल्या सगळ्यांना समजलं.

"श्रावण? अरे, अजून दिव्याची आवस नाही झाली, तू श्रावण कुठून आणलास? गोकुळअष्टमीच्या दुसऱ्या दिवसाचा जन्म माझा! झाली का गोकुळअष्टमी? दहीहंडी बघितलीस कुठे? आषाढ चाललाय, आषाढ!"

यशोधनने फोन काढला. फोनवर श्रावण वद्य नवमीच होती. त्याने तो आईच्या नाकासमोर धरला. आईने बाजूला सारला. तेवढ्यात अंशुल मदतीला धावला.

"आंटीजी, सर सही कह रहे हैं. हमारे घर में आज सावन की नवमी ही है. कृष्ण पक्ष."

"बघ!" यशोधन गरजला.

"त्यांच्याकडे असेल रे!" पद्माताई म्हणाल्या. "त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा वद्य पक्ष आधी येतो. त्यांच्याकडे आज श्रावण आणि आपल्याकडे आषाढ, हे तर इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. तू काय त्यांच्याकडे जन्मलास?"

यशोधनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण फार उशिरा. भाषा मराठी, प्रदेश मध्यप्रदेश. प्रोग्रामने प्रदेशाप्रमाणे महिने मोजले होते, त्याने सांगितले तसे. पण पणजोबांच्या पणजोबांनी दक्षिणेतून येताना भांड्याकुंड्यांबरोबर महिनाही आणला होता, आणि इतक्या पिढ्यांत कुणी तो बदलला नव्हता. हे यशोधनला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. फक्त प्रोग्रामला त्याने सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही कुणी बोलला का नाहीत?" तो पाहुण्यांवर उखडला.

बोलायचं सगळ्यांच्याच मनात आलं होतं. शेजारच्या सुधाताईंना वाटलं, ऑगस्टात हॉल मिळाला नसेल. पुष्करला वाटलं, ग्वाल्हेरला महिनाभर आधी करत असतील. सीमंतिनी तर तेव्हाच बोलली होती. ते जास्त वाईट होतं. मंदामावशी म्हणाली, "मी म्हटलं होतं हो पुष्करला. तर म्हणाला, यशोधनदादाने कॉम्प्युटरवर काढलंय. मग मी काय बोलणार?"

"विझवा ते दिवे," पद्माताई म्हणाल्या. "पंचाहत्तर पूर्ण झाली नाहीत आणि आधीच ओवाळताय. घाई कसली झालीये तुला?"

"आई, अगं, एवढे लोक..."

"लोक जेवतील आणि जातील. मंदाही उद्या जाईल." इथे त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि खऱ्या नवमीला मला कोण ओवाळणार? तुझा फोन?"

यशोधनला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आईची एकच हौस होती आणि ती त्याने बरोबर महिनाभर आधी आणून तिच्यासमोर ठेवली होती. राग तर मावत नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो साहेबावर, अंशुलवर, कुणावरच काढता येत नव्हता.

मंदामावशी परत खुर्चीत बसली. "पुष्कर," ती म्हणाली, "उद्या तू एकटाच जा. मी नवमी करून येईन."

"आई, महिना आहे मध्ये!"

"हो ना. आणि मला कुठल्या कचेरीत जायचंय?"

मग मंदामावशी यशोधनच्या हरिशंकरपुरममधल्या घरात राहिली. यशोधनच्या खोलीत राहिली, कारण गुडघ्यांमुळे तिला जिना नको. यशोधनचं टेबल गच्चीवरच्या खोलीत गेलं. तिथे पत्रे आहेत आणि जुलै-ऑगस्टचं ग्वाल्हेर आहे. खाली दोघी बहिणी दिवसभर बोलायच्या. दिव्याच्या अवसेला दोघींनी घरातलं एकूण एक पितळ घासलं. श्रावणी सोमवारी साबुदाणा झाला, शुक्रवारी पुरण झालं. वर यशोधन दुसऱ्या एका साहेबाशी बोलत असला की खालून हसण्याचे आवाज यायचे, आणि साहेब विचारायचा, तुमच्याकडे लग्न आहे का? यशोधन दात-ओठ खात प्रोग्राम दुरुस्त करत होता. महिना पौर्णिमेला संपतो की अमावास्येला, हे आता प्रोग्राम आधी विचारतो. नम्रपणे विचारतो. शंभर तिथ्या टाकून त्याने तो तपासला. मग अंशुलकडून तपासून घेतला, आणि त्याला 'सॉरी' म्हणाला. अंशुलला तो दिवस सणासारखा वाटला.

गोकुळअष्टमी झाली, आणि दुसऱ्या दिवशी, अस्सल श्रावण वद्य नवमीला, हॉल नाही, आचारी नाही, घरातच पाट मांडून मंदामावशीने धाकट्या बहिणीला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं. पद्माताई पाटावर लहान मुलीसारख्या बसल्या होत्या. असं तोंड यशोधनने त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी पुष्कर न्यायला आला. मावशीची बॅग भरून झाली. पद्माताई दारापाशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना बरं वाटावं म्हणून यशोधन फोन घेऊन पुढे झाला.

"आई, आता काळजी नको. सगळं दुरुस्त केलंय. पुढच्या वर्षी तारीख एका दिवसानेही चुकणार नाही. मावशी नेमकी आदल्या दिवशी येईल आणि दुसऱ्या दिवशी जाईल."

पद्माताईंनी डोळे पुसले आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की तो एक पायरी मागे सरला.

"दुरुस्त केलंस? तुला कुणी सांगितलं होतं रे?"

"अगं, पण चूक होती ती!"

"मग पुढच्या वर्षी परत कर," पद्माताई म्हणाल्या. "तेवढं तर जमतं ना तुला?"