पडद्यावरच्या शेणी

रंगूबाई शाळेच्या मोठ्या खोलीत जात्यापुढे बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीमागं, भिंतीएवढ्या पडद्यावर, त्यांचंच कुंडलचं रान वाऱ्यानं हलत होतं. मुंबईच्या टीव्हीवाल्यांना त्यांच्या ओव्या हव्या होत्या. पण रानात पंपाची धडधड. म्हणून मागल्या पंधरवड्यात रानाचं नुसतं चित्र फिल्मवर काढून नेलं, धुऊन आणलं आणि आता ते पाठीमागं सोडून ओव्या इथं टिपायच्या होत्या.

सून शालू बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या आईनं बारशाला घातलेली बाळाची कमरेची चांदीची साखळी त्या चित्रीकरणापासून सापडत नव्हती, आणि आई आज संध्याकाळच्या एस्टीनं येणार होती.

"पोराच्या अंगावरचं तुला सांबाळता येईना," रंगूबाई रोज ऐकवत. "इहीनबाईला तूच सांग आता."

पहिली ओवी सुरू झाली. पडद्यावर बाळाला काखेत घेऊन दोन पुरुष उंचीच्या रंगूबाई आल्या. त्यांनी बाळाची साखळी काढली, इकडं तिकडं बघितलं आणि रानातल्या घराच्या अंगणात रचलेल्या शेणींच्या, वाळक्या गोवऱ्यांच्या, राशीत खुपसली.

"आत्याबाई!"

"गप! ओवी मोडली न्हवं माजी."

"आवं, मागं बघा की!"

रंगूबाई वळेपर्यंत पडद्यावर नुसता ऊस. एरवी सासूपुढं मान वर न करणारी शालू यंत्रवाल्याला म्हणाली, "दादा, ते उलटं फिरवा."

यंत्र उलटं फिरलं. भल्यामोठ्या रंगूबाईंनी शेणीतून साखळी ओढली, बाळाला घातली आणि पाठमोऱ्या चालत उसात शिरल्या. खोली खदखदून हसली.

"मीच म्हणालो होतो, कॅमेऱ्यात चमकतेय, काढा," टीव्हीवाला ओशाळून म्हणाला. "तेवढा तुकडा कापायचा राहिला."

"बघ, ह्येनं सांगितलं! आन् मी साफ इसरले!" म्हणता म्हणता रंगूबाईंचा हात तोंडावर गेला. "आगं, तुजा सासरा! पावण्यांसाठी पानी तापवाय त्याच शेणी..."

जातं, ओव्या, मुंबई, सगळं टाकून दोघी बाळाला घेऊन धावत सुटल्या. अंगणात राशीच्या जागी नुसता चौकोनी डाग उरला होता. सासरे आकाराम चुलीपुढं बसून चिमट्यानं राख उकरत होते.

"मामंजी, साकळी!"

"ही व्हय?" चिमट्यात काळीठिक्कर साखळी लोंबत होती. "राकंत घावली. म्हटलं, चुलीचं बारसं कुनी केलं?"

शालूनं बाळाला पुढं धरलं. हसू आधी आलं की रडू, तिलाच कळलं नाही. रंगूबाईंनी साखळी पाण्यात बुडवली, पदरानं पुसली आणि काळीच बाळाच्या कमरेला बांधली.

शाळेत आता बाळ आजीच्या मांडीवर होतं. टीव्हीवाल्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. "वा! आता अजिबात चमकत नाही. राहू द्या."

"मग? उगंच घातली व्हय मी शेणीत?" म्हणून रंगूबाईंनी ओवी धरली.

एस्टी यायच्या आधी त्या परसात बसून चिंचेनं साखळी घासत होत्या.

"द्या, मी घासते."

"तू पोराला पाज. आन् तुज्या आईला त्या पडद्यावरचं काय बोलू नगंस."

"न्हाई बोलत. पर टीव्हीवर दिसलं म्हंजी?"

रंगूबाईंनी साखळी उन्हात धरली. लख्ख चमकली.

"दिसू दे की. कुंडलात काय, तुज्या म्हायारात काय, टीव्ही हाय कुनाकडं?"