साठीनंतर खुशाल

"ह्या पिठाला आज झालंय तरी काय! मेली कड चिकटेल तर शपथ," बर्नडीनआत्या शेजारच्या पॉलेटला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात कुरकुरली.

अमेरिकेतल्या यंगस्टाउनच्या त्या चर्चच्या तळघरात पिरोगी भरणं चाललं होतं. बटाटा-चीजच्या ह्या उकडलेल्या करंज्या दर शुक्रवारी विकायच्या आणि चर्चच्या छपराची डागडुजी करायची, हा तिथल्या बायकांचा जुना परिपाठ. पॉलेट हुडाक शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. उभं राहून राहून गुडघे कामातून गेले होते. पुढच्या महिन्यात साठी. साठीला डेनीच्या, म्हणजे नवऱ्याच्या नावचं पेन्शन सुरू करायचं, स्वतःचं सत्तरीपर्यंत वाढू द्यायचं, की शाळेत अर्धा दिवस गेलं तरी भागलं असतं. हे सगळ्यांना पटत होतं. पॉलेटलाही. तरी पेन्शनच्या कचेरीची वेळ घेऊन तिनं दोनदा मोडली होती.

"फोनवर काय म्हणाली ती कचेरीतली बाई?" डेनीच्या ह्या आत्यानं विचारलं.

"म्हणाली, साठीच्या आत दुसरं लग्न केलंत तर डेनीचं मिळायचं नाही. लग्न साठीनंतर खुशाल करा!"

पीठ मळायचं यंत्र नेमकं ह्याच वेळी थांबलं. टेबलाच्या पार टोकाला बसलेल्या ग्लोरियाच्या कानावर फक्त "लग्न साठीनंतर खुशाल" एवढंच पडलं. त्यात बॉयलर दुरुस्त करणारा ऑगी हात पुसत आला आणि त्यानं पॉलेटपुढे कॉफी ठेवली. ग्लोरियाला आणखी काय हवं होतं?

त्या गावात लग्नाला केक नावापुरता. खरी इभ्रत कुकींच्या टेबलाची. नातेवाईक, शेजारणी, सगळ्यांनी आपापल्या हातच्या कुकी करून आणायच्या. त्यामुळे लग्नाची कुणकुण लागली की आधी अक्रोड महाग होतात. आठवडाभरात गल्लीतले फ्रीझर भरले. पॉलेटला मात्र कुणी अवाक्षर बोललं नाही. तिनं आपणहून सांगेपर्यंत थांबायचं ठरलं होतं.

ऑगीला ते शुक्रवारी न्हाव्याकडे कळलं. तो तडक पॉलेटच्या दारात.

"माझी ना नाही," टोपी चुरगाळत तो म्हणाला, "पण मला आधी विचारायचंस तरी!"

"काय विचारायचं?"

"लग्नाचं."

"कुणाच्या?"

ऑगीनं टोपी घातली, काढली, परत घातली. "मग न्हाव्यानं केसांचे पैसे का नाही घेतले?"

पॉलेट त्याला घेऊन तळघरात गेली, तर तिथं किती जमल्या ते मोजायला बायकांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलं मांडलेली. जर्दाळूच्या, अक्रोडाच्या, साखर भुरभुरलेल्या कुकी. तिनं कपाळाला हात लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"मग ह्यांचं काय करायचं?" ग्लोरिया रडवेली झाली.

"खायच्या," ऑगी म्हणाला आणि त्यानं सुरुवात केली.

हसता हसता सगळ्यांना पॉलेटचं लग्न आठवलं. ह्याच तळघरात. पावाची गाडी चालवणारा डेनी. लग्नाआधीच कोटाचे खिसे कुकींनी भरून बसलेला. अंगठी काढायला गेला तर आधी चुराच बाहेर आला. पाद्रीबाबाही हसले होते.

"मेल्याला धीरच नसायचा!" ग्लोरिया म्हणाली.

"अक्रोडाची दिसली की संपलंच," पॉलेट म्हणाली. बोलता बोलता तिनं एक ताटली भरली आणि वर चांदीचा कागद दुमडू लागली.

"अजून कुणी यायचंय?" ऑगीनं विचारलं.

एकदम सगळ्यांना खरकटी भांडी दिसली. एकीनं नळ सोडला.

आत्या उठली. तिनं पॉलेटच्या हातातली ताटली काढून ऑगीला दिली.

"आत्या, अगं डेनीला अक्रोडाच्याच..."

"डेनी मेलाय गं," आत्या म्हणाली. "माझ्या हातानं वाढवलेलं पोर मेलंय. त्यानं तुझ्यासाठी राबून ठेवलंय, ते सोमवारी आपण दोघी जाऊन आणू."