बाईची पाठवणी

भुजंगचा हिशेब सरळ होता. बाई घेऊन जालन्याला जायचं, स्टेजवर नावाची खुर्ची मिळवायची आणि आपल्या गावी, धावड्यात परत यायचं ते 'भुजंगराव' होऊन. खर्च काहीच नाही.

बाई म्हणजे सिनेमाच्या बक्षिसाची काळी, हात वर केलेली मूर्ती. एका जुन्या चित्रपटातली मेंढरं हाकायची आरोळी भुजंगच्या वडिलांची, त्रिंबकबाबांची होती. बक्षीस मिळालं ध्वनिमुद्रकाला. पण त्या भल्या माणसानं भर सोहळ्यात मूर्ती बाबांच्या हातात ठेवली. खांद्यावर घोंगडी टाकलेल्या बाबांनी तिथंच आरोळी ठोकली आणि पहिल्या रांगेतल्या नट्या दचकून उभ्या राहिल्या. आता जालन्यात अशाच जुन्या सोहळ्यांच्या आठवणींचा कार्यक्रम होता, आणि संयोजक रामप्रसाद यांना ती बाई हवी होती.

"हां साहेब, बाई बराबर हाय," भुजंग ओट्यावरून फोनवर ओरडत होता. "काळी हाय, पन नजर हटत न्हाई. उद्या गाडी आना, घेऊन जाऊ."

त्याची बायको दुर्गाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "कोन बाई?"

"बाबाची."

"मामंजी जाऊन इतकी वर्सं झाली, आन् तुमी त्यायची बाई आता काढून राह्यले?"

"अवं, पेटीतली!"

"पेटीत बाई?" दुर्गाबाईनं कपाळाला पीठ लावून घेतलं. "आवं, ती तं आसरा हाय, पान्यातली देवी! मामंजी जाताना म्हनले न्हाई का, बाईला जपा? शेळ्या आजारल्या तवा म्या तिला हिरीवर बसवली."

भुजंग विहिरीकडं पळाला. बाई शेंदरात न्हालेली होती. अंगावर हिरवा खण, पुढं नारळ.

सकाळी रामप्रसाद जीप घेऊन आले, तर विहिरीला बायकांचा गराडा.

"अहो, हे चित्रपटाचं पारितोषिक आहे," ते म्हणाले.

"आसंल," शेजारची चांगुणाबाई म्हणाली. "आमच्या शेळ्या हिनं वाचवल्या. तुमच्या पिच्चरनं काय वाचवलं?"

"सांजच्याला आनून सोडतो," भुजंग मधे पडला.

"बाईमानूस एकटी परगावी धाडायची?"

"मी हाय की संगं!"

"तुमी गडी. वटी कोन भरंल तिची?"

रामप्रसादांनी मुकाट जीपचं दार उघडलं. बाई पुढच्या सीटवर बसली, मागं दुर्गाबाई, चांगुणाबाई आणि आणखी जेवढ्या मावल्या तेवढ्या. इस्त्रीचा सदरा घातलेला भुजंग दाराशी घोटाळला.

"मी कुठं बसू?"

"घरी," दुर्गाबाई म्हणाली. "आज परडं वाऱ्यावर सोडता का?"

संध्याकाळी रामप्रसादांचा फोन आला. बाबांची आरोळी कोण देणार, असं स्टेजवरून विचारल्यावर दुर्गाबाईनं पदर खोचून अशी ठोकली, की अख्खा हॉल उभा राहिला. आता बायका जेवणं उरकूनच निघणार होत्या.

भुजंगनं फोन ठेवला, तेवढ्यात ओट्यावर त्या बायकांचे नवरे ओळीनं येऊन बसले.

"भुजंगा, आमच्या घरची तुझ्या बाईसंगं गेली," चांगुणाबाईचा रामराव म्हणाला. "मंग, भाकरीचं कसं?"

टाळ्या दुर्गाबाईला, ओटी बाईला, फोटो रामप्रसादांना. आणि भाकरी भुजंगच्या पिठाच्या, भुजंगच्या हातच्या. त्याही करपलेल्या निघाल्या म्हणून रामरावानं नावं ठेवली.