वच्छला आत्याची अर्थिंग

आमच्या एकोडीत लग्न असलं की बायका नवरीकडे जातात, पुरुष मांडवात खुर्च्या धरतात आणि माझी वच्छला आत्या मांडवामागे जाते. तिथे पाहुण्यांच्या मोटरसायकली उभ्या असतात. आत्या एकेकीभोवती फिरते, वाकून बघते, एखाद्या गाडीची वायर लोंबताना दिसली की च्‌च्‌ करते. गाडीचा मालक ओळखीचा निघाला तर त्याला जेवणावरून उठवून आणायलाही ती कमी करत नाही. तिच्या वयाच्या बायकांच्या बटव्यात सुपारी आणि अडकित्ता असतो. आत्याच्या बटव्यात दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब असतो.

आत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर काही वर्षांनी ती सासरहून परत आली, ती कायमचीच. आल्यावर तिने धानाची शेती अंगावर घेतली आणि शेतावर जायला बाबांची जुनी मोटरसायकल. ती गाडी सारखी रुसायची आणि साकोलीचा मिस्त्री दर खेपेला नवी बॅटरी बसवून द्यायचा. शेवटी आत्या त्याच्या दुकानासमोर स्टूल टाकून बसू लागली. तो काय उघडतो, काय जोडतो, सगळं बघू लागली. एका उन्हाळ्यात तिला काम येऊ लागलं आणि मिस्त्रीला तिची धास्ती बसली.

तेव्हापासून गाडीच्या कुठल्याही दुखण्यावर तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "अर्थिंग पायली का?" बॅटरीतून निघालेला करंट दिव्याला, हॉर्नला पोचतो; पण तिथून गाडीच्या लोखंडावाटे, म्हणजे अर्थिंगने, बॅटरीत परत आला नाही तर सगळा कारभार ढिला पडतो, असं ती समजावून सांगते. बरेचदा ती चुकतेही. एकदा शेजारच्या गुरुजींची गाडी तिने अर्धा दिवस उघडून ठेवली आणि टाकीत पेट्रोलच नव्हतं. तो विषय काढला तर ती शांतपणे म्हणते की त्यांची अर्थिंग चांगली आहे, एवढं तरी समजलं.

मला बघायला निखिल आला तो हिवाळ्यातल्या एका दुपारी, वरठीहून, मामांना मागे बसवून. तो तिथल्या कारखान्यात कामाला. गाडी त्याच्या वडिलांच्या काळातली, पण या कामासाठी खास रंगवून आणलेली, काळी कुळकुळीत. पोहे झाले, चहा झाला, माझं शिक्षण विचारून झालं. ते निघाले तोवर उन्हं उतरली होती. निखिलने गाडी सुरू करून हेडलाइट लावला. इंडिकेटर दिला तसा हेडलाइट मिणमिणू लागला आणि हॉर्न दाबला तर तो आजारी रेडकासारखा कण्हला. मामा म्हणाले, बॅटरी बसली. आईने घाबरून बाबांकडे पाहिलं, बाबांनी आत्याकडे. आत्या बटवा उघडत अंगणात उतरलीसुद्धा होती.

बाबा मागून हळूच म्हणाले, "बाई, आज राहू दे." आत्याला ते ऐकू गेलं नाही. ठेवणीतलं लुगडं खोचून ती गाडीशी उकिडवी बसली आणि निखिलच्या हातात बल्ब दिला. एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी मायनसला लावली. बल्ब लख्ख पेटला. मग दुसरी वायर गाडीच्या सांगाड्याला टेकवली. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा झाला. मला वाटलं, अर्थिंगच ढिली, दोष सापडला, काम संपलं. पण आत्याने सीट काढायला लावली. मग बाजूची झाकणं, मग हेडलाइट. आता अठी धर, आता तठी धर, पुन्हा पहिल्या जागी धर. निखिलचा पांढरा शर्ट काळा झाला. मामा घड्याळ बघून कुरकुरू लागले. एकदा तर बल्ब नीट धरलेला असताना आत्या त्याच्यावर खेकसली. तो "बरं, आत्या" म्हणाला आणि पुन्हा धरून बसला. तिचे हात तेलकट झालेले दिसले तेव्हा त्याने आपला रुमाल पुढे केला.

मी खिडकीआडून बघत होते आणि लाजेने अर्धी झाले होते. स्थळ हातचं गेलं असं आईने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेवटी आत्याने बॅटरीजवळचा एक बोल्ट उघडायला सांगितला. रंगाऱ्याने हौसेने बोल्टखालची जागाही रंगवली होती आणि अर्थिंगची वायर त्या रंगावरच आवळून बसवली होती. रंगातून करंट कुठून जाणार? आत्याने पॉलिश पेपरने ती जागा घासून लोखंड चमकवलं आणि वायर पुन्हा आवळली. निखिलने हॉर्न दाबला तशी गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. तो हसला. आत्या हसली नाही. तिने फक्त रंगारी बदलायला सांगितलं.

त्याच आठवड्यात तिकडून होकार आला. बाबांनी मला विचारलं तेव्हा मी विचार करून सांगते म्हणाले आणि शेतावर गेले. आत्या बांधावर एकटीच बसली होती. मी तिला छेडलं, बल्ब पहिल्याच खेपेला मंद झाला होता, मग एवढा वेळ काय शोधत होतीस?

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली.

"मग काहून?"

"पोरगा चिडते का, थे पाहून राहिली होती." ती समोरच्या धानाकडे बघत बोलत होती. "कपडे खराब झाले, मामा कटकट करून राहिला, अन् एक बुढी उगाच बोलून राहिली. अशा टायमाले मानूस दिसते."

 मग ती हळू आवाजात म्हणाली, "माह्या टायमाले कोनी पायलं नोतं."

मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा तेलाने काळवंडलेला हात हातात घेतला. आत्याला असले लाड चालत नाहीत. पण त्या दिवशी तिने तो सोडवून घेतला नाही.

"हो म्हनून टाक," ती म्हणाली. "पोरगा चांगला हाय."