संताजीने सांगितलेली किंमत

मल्हारगंजात लग्नाचे फेटे भाड्याने देणारं दुकान संताजी आणि श्रीराम वीस वर्षं भागीदारीत चालवत होते. आता संताजीला ते एकट्याला हवं होतं. बायपासवरच्या एका मोठ्या हॉटेलाने वर्षभरातल्या सगळ्या लग्नांचे फेटे त्यांच्याकडूनच घ्यायचं ठरवलं होतं, आणि तो फोन नेमका संताजीने उचलला होता. श्रीरामला सांगायचं तेवढं राहून गेलं.

वेगळं व्हायची वेळ आलीच तर काय, हे करारात लिहिलेलं होतं. एकाने दुकानातल्या अर्ध्या हिश्शाची किंमत सांगायची आणि त्या किमतीला समोरच्याचा हिस्सा घ्यायचा की आपला द्यायचा, ते दुसऱ्याने ठरवायचं. श्रीरामचे गुडघे दुखत होते, म्हणजे तो विकणार हे नक्की. फक्त धंदा बसल्यासारखा दिसायला हवा होता, म्हणून संताजी कामाला लागला.

"आता कोण फेटा बांधतं भिया? पोरं गॉगल लावून सीधी घोडीवर चढतात."

सांवेरहून आलेलं गिऱ्हाईक त्याने "मालाला कसर लागलीये" म्हणून परत पाठवलं. त्याची दशा बघून श्रीरामची बायको सुलोचना त्याच्यासाठी पोहे पाठवू लागली. संताजी पोहे खायचा आणि पुन्हा रडायला बसायचा.

शेवटी दोघे वकील मधुरिमासमोर बसले. ती म्हणाली, "काका, एकमेकांपासून काही लपवलं असेल तर आत्ताच सांगा. पार्टनरने लपवून सौदा केला तर तो कोर्टात उडतो."

"लपवायला धंद्यात उरलंय काय?" असं म्हणून संताजीने किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत जेमतेम एक जुनी स्कूटर आली असती.

श्रीरामचे डोळे भरून आले. "इतकी खराब हालत? मग मी घेतो यार. तू डुबणार आणि मी बघत बसणार, असं नाही होणार."

संताजीने घाईने त्याचा हात धरला. "अरे थांब. हॉटेलचं काम मिळालंय, सालभराचं. फोन मीच घेतला होता. आईशप्पथ, धंदा जोरात चालणारे."

"बघा मॅडम," श्रीराम गहिवरून म्हणाला, "माझ्या गळ्यात बोजा पडू नये म्हणून झूठ बोलतोय बिचारा." आणि त्याने सही ठोकली.

मधुरिमा मात्र मान खाली घालून लिहीत होती.

"हॉटेलचं काम मी कागदावर घेतलंय, काका," ती संताजीला म्हणाली. "बरं झालं वेळेवर सांगितलंत. आता हा सौदा कुठलंच कोर्ट मोडणार नाही."